पाळकाची शिफारस

“तुमच्या वडिलांनीच नको म्हटलं,” अध्यक्ष म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले.

आपण नीट ऐकलं नसावं असंच तिला वाटलं. बेटावरच्या शाळेत कधी रुजू व्हायचं, एवढंच विचारायला ती मिशनच्या कार्यालयात आली होती. सामानाची बांधाबांध झाली होती. बहिऱ्या मुलांच्या शाळेतली नोकरी तिने सोडली होती. निरोपाच्या दिवशी मुलं तिच्या गळ्यात पडून रडली होती. बेटावर अशा मुलांसाठी शाळा नुकती कुठे सुरू होत होती. बोलता येत नाही म्हणून तिथे त्यांना वेडं समजतात, घरात कोंडून ठेवतात, असं तिथून आलेल्या एका नर्सने चर्चच्या मंडळीसमोर सांगितलं होतं. त्या रविवारपासून तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

“का नको?” तिने विचारलं.

“पाळकाच्या शिफारशीशिवाय आम्ही कुणालाच पाठवत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. आणि तुमच्या चर्चचे पाळक तुमचे वडीलच. ते म्हणाले, हे देवाचं पाचारण नव्हे, हट्ट आहे. लग्न मोडल्यापासून तिचं मन थाऱ्यावर नाही. महिन्याभरात रडत परत येईल.” अध्यक्ष अवघडले. “बापच असं म्हणतो म्हटल्यावर आम्ही काय बोलणार?”

तिचं लग्न कधी मोडलंच नव्हतं. मोडायला आधी ते ठरावं तरी लागतं.

ती तडक चर्चमध्ये गेली. पप्पा मागच्या खोलीत उद्याच्या उपासनेच्या झग्याला इस्त्री करत होते. आई गेल्यापासून हे काम ते स्वतःच करायचे आणि दर वेळी एखादी बाही चुरगळलेली राहायचीच. पलीकडे ऑर्गनवर तिच्या शाळेतल्या बाई गीतांचा सराव करत होत्या.

“माझं लग्न कुणाशी मोडलं, पप्पा? निदान त्याचं नाव तरी सांगा.”

पप्पांनी इस्त्री उभी करून ठेवली. वळायला त्यांना वेळ लागला.

“अध्यक्षांनी तुला सांगायला नको होतं.”

“म्हणजे तुम्ही खोटं बोललात ते चाललं. मला कळलं ते वाईट?”

तिला त्यांची प्रवचनं आठवत होती. ज्यांना सेवेला दूर जाता येईल त्यांनी जावं, ज्यांना नाही त्यांनी पाठवणारे व्हावं, असं ते सांगायचे आणि लोक ऐकायचे. कुणी गोधड्या शिवून द्यायचं, कुणी औषधांची खोकी भरायचं. म्हातारी माणसं दर बुधवारी जमून दूर गेलेल्यांसाठी प्रार्थना करायची. याच बाकांवरून उठून कितीतरी जण दूर गेले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर पप्पांनी हात ठेवला होता. आणि परवाच, जेवायला बसताना, त्यांनी तिचा हात हातात घेऊन प्रार्थना केली होती. तेव्हा ते अध्यक्षांना भेटूनच आले होते.

“माझा हात धरून परवा देवाकडे काय मागत होतात?”

“तू इथेच राहावीस, हेच,” पप्पा म्हणाले.

ती रागाने हसली. हसता हसता डोळे भरून आले आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

“त्या बेटावर मी एकाला पाठवलं होतं,” पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. “तापाने गेला पोरगा. त्याला आणायला बंदराच्या धक्क्यावर मीच गेलो होतो. शवपेटी उचलताना वाटलं, ही रिकामीच आहे, इतकी हलकी होती. तुला आणायला मी धक्क्यावर जाऊ शकत नाही, बेटा. तेवढी ताकद माझ्यात नाही.”

“मग त्याच्यानंतर इतरांना कसं पाठवलंत?”

पप्पांची नजर तिच्या मागे दाराकडे गेली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, ऑर्गन थांबलाय.

बाई दारात उभ्या होत्या. निम्मी मंडळी शाळेत त्यांच्या हाताखाली शिकली होती, तीसुद्धा. पप्पांनी धक्क्यावरून आणलेला तो पोरगा बाईंचा एकुलता एक मुलगा होता. तो गेल्यावर बाईंनी कधी कडू शब्द काढला नव्हता. पुढे जो जो निघाला, त्याच्या निरोपाचं गीत त्यांनीच वाजवलं होतं.

“बाई,” पप्पा म्हणाले.

बाई आत आल्या. त्यांनी आधी इस्त्रीचं बटण बंद केलं.

“अध्यक्षांना फोन करा, पाळकसाहेब. खरं काय ते सांगा. पोरीला जायचंय, तिला जाऊ द्या.”

पप्पांनी मान डोलावली. खिशातून फोन काढून लावला. त्यांनी तिच्यासमोरच अध्यक्षांना सगळं सांगितलं. मी खोटं बोललो, तिच्याइतकी तयारीची मुलगी तुम्हाला मिळणार नाही, असं म्हणाले. तिला हवं होतं ते मिळालं होतं. तरी तिला पप्पांकडे बघवेना.

फोन ठेवल्यावर पप्पा मटकन खुर्चीत बसले. “बाई, तुमचे उपकार झाले. तुम्ही नसता तर…”

“माझा मुलगा निघायच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे आला होता,” बाई म्हणाल्या. “मीच पाठवलं होतं. भीती वाटते, जायचं नाही, असं म्हणत होता. तुम्ही त्याची समजूत काढलीत आणि पाठ थोपटून घरी धाडलंत.”

वर्गात एखाद्या मुलाला न आलेलं उत्तर विचारावं, तसा त्यांचा आवाज शांत होता.

“त्याच्यासाठी असं एखादं खोटं नाही का हो सुचलं तुम्हाला?”