हलकी केलेली राजदूत

माणसाचं नशीब त्याच्या वेगात असतं, असं १९७९ साली खंडूचं ठाम मत होतं. खेडहून चिंचवडच्या कंपनीत येताना एसटीच्या कृपेने त्याला दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला, तर नोकरी जाणार होती. म्हणून त्याने जुनी राजदूत मोटारसायकल घेतली आणि ती पळावी म्हणून मागची सीट, कॅरिअर, मडगार्ड सगळं उतरवलं, हँडल खाली वाकवून घेतलं.

"राव, ही गाडी हाय का सोललेली कोंबडी?" शेजारच्या दत्तोबाने विचारलं.

"आन् मी कुठं बसायचं?" बायको म्हणाली.

"तुला कुठं लेट मार्क पडतोय?" खंडू म्हणाला.

सोमवारी तो शिफ्टच्या अर्धा तास आधी गेटवर पोचला.


टाळेबंदीची नोटीस सगळ्यांत आधी त्यानेच वाचली.