त्याच ताग्यातलं ठिगळ

"टाका घालता येणार नाही, मास्तर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "फुप्फुस पार विरलंय. सुई लावली तर आणखी फाटेल."

टेलरमास्तरांनी मान हलवली. विरलेलं कापड त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. व्हायरल न्यूमोनिया गेला खरा, पण जाताना फुप्फुसाला भोक पाडून गेला. त्यातून निसटलेली हवा छातीतल्या नळीने खालच्या बाटलीत उतरायची आणि पाण्यात बुडबुडे काढायची. कित्येक दिवस झाले, बुडबुडे हटेनात. नळी अशीच राहिली तर छातीत पू धरेल, मग काही खरं नाही, हे मास्तरांच्या बायकोला बाजूला घेऊन सांगून झालं होतं.

"मग आता?" तिने विचारलं.

"रक्त काढायचं आणि नळीतून छातीत सोडायचं. ते भोकावर गोठतं. ठिगळच म्हणा ना."

मास्तरांचा चेहरा उतरला. उभ्या जन्मात त्यांनी ठिगळाचं काम घेतलं नव्हतं. गुडघ्यावर फाटलेली पँट घेऊन कोणी आलं, की "इथे नवे कपडे शिवतात" म्हणून वाटेला लावायचे. माणूस तोऱ्याचा. आणि तो तोरा बायकोला मनापासून आवडायचा.

"माझं घ्या रक्त," जावई बाही सरसावत पुढे आला.

"तुमचं नको. त्यांचंच हवं."

मास्तरांनी डोळे बारीक केले. "म्हणजे त्याच ताग्यातलं?"

"अगदी त्याच ताग्यातलं."

"मग लावा," म्हणत त्यांनी स्वतःच हात पुढे केला. जावयाची बाही तशीच वर राहिली.

डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा बांधला, रक्त काढलं आणि गोठायच्या आत नळीत सोडलं. घाई नाही, एक थेंब चादरीवर नाही. मास्तर त्यांच्या बोटांकडे टक लावून बघत होते. नंतर रक्त आत सगळीकडे पसरावं म्हणून नर्सने त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं. बायकोचा जीव मात्र बाटलीत अडकलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई बाटलीपाशी उकिडव्या बसल्या. "खोका."

मास्तर खोकले. पाणी थोडं वरखाली झालं. बुडबुडा नाही.

"जोरात. राग आल्यासारखं."

ते असे खोकले, की शेजारच्या पलंगावरचा माणूस दचकून उठला. पाणी वरखाली झालं. बुडबुडा नाहीच. बायकोला रडूही आलं आणि हसूही.

"बसलं," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि लपवायचा प्रयत्न करूनही त्यांचा चेहरा फुलला.

मास्तरांनी दम घेतला. आभार वगैरे मानले नाहीत. डॉक्टरबाईंना नखशिखांत न्याहाळत म्हणाले, "काम कुणाच्या हाताखाली शिकलात?"

डॉक्टरबाई गोंधळल्या. हा काय प्रश्न?

बायको त्यांच्या कानाशी वाकली. तिची मान ताठ झाली होती. "उत्तर द्या हो. हे त्यांनी अजून एकाही शिंप्याला विचारलेलं नाही."