मैत्रीच्या चिठ्ठ्या

टेबलावरचे सगळे हसले. एस्किल्डही हसला, पण जरा मागाहून.

शेजारी बसलेल्या सोल्वायच्या ते लक्षात आलं. डेन्मार्कमधल्या युटलंडच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांतल्या काहींना नगरपालिका दर गुरुवारी गाडी पाठवून जेवायला आणायची. त्यानं खरंच फरक पडतो का, हे आकडेमोड करून सांगायचं काम सोल्वायचं. ते तिनं केलंही होतं. ज्यांची इथं मैत्री जमली त्यांची उदासी गेली. बाकीच्यांची तशीच राहिली. म्हणजे गुण मैत्रीचा, नुसत्या जेवणाचा नाही. त्यावरून मैत्री न जमलेल्यांची गाडी आता बंद व्हायची होती. एस्किल्ड त्यांतलाच. आणि सोल्वाय आज इथं आली होती ती केवळ एकटीनं जेवायचा कंटाळा आला म्हणून.

"तुम्ही इथं का येता?" तिनं एस्किल्डला विचारलं.

"हो, आज बटाटे छान मऊ झालेत."

तिनं पुन्हा विचारलं. तो नुसता हसला.

सोल्वायचा घास हातातच राहिला. ज्याला ऐकूच येत नाही त्याची मैत्री जमणार कशी? आणि असा माणूस तसाही मनानं खचलेलाच असणार. जेवायला कुणाला बोलवायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. मैत्रीच्या चिठ्ठ्या कुणी टाकल्या नव्हत्या; ज्यांना नीट ऐकू येत होतं, जे मुळात कमी खचलेले होते, त्यांचीच ती जमली असेल. ऐकू येतं का, एवढं साधं तिनं कुणाला विचारलंही नव्हतं.

बाहेर वाऱ्यात उभं राहून तिनं पालिकेतल्या टॉर्बेनला फोन लावला.

"गाडी बंद करू नकोस. माझा निष्कर्ष कच्चा आहे."

"आता सांगतेस होय? मग गुण कशाचा, मैत्रीचा की जेवणाचा?"

"माहीत नाही. कदाचित चांगल्या कानांचा."

टॉर्बेन म्हणाला, "बाई गं, हे सभेत तूच येऊन सांग. तोवर थांबवतो मी."

ती आत आली तेव्हा कॉफी आली होती. एस्किल्डच्या कानाशी वाकून तिनं मोठ्यानं विचारलं, "काही ऐकू येत नाही, तर कंटाळा नाही का येत इथं?"

यावेळी त्याला समजलं. त्यानं कप खाली ठेवला.

"घरी ऐकू आलं असतं, तरी बोलतंय कोण? इथं निदान ओठ हलताना दिसतात."