पहिली येळवस

पाच दगडांना चुना लावून झाला, तेव्हा बायनाबाईच्या ध्यानात आलं की या पांडवांची तोंडं कुठल्या दिशेला करायची तेच आपल्याला ठाऊक नाही.

विचारायचं कोणाला? मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे येळवशीला, या भागात घरात कोणी थांबत नाही. जो तो आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन आपल्या रानात जातो, पांडव पूजतो आणि तिथंच जेवतो. बायनाबाईच्या माहेरी ही रीत नव्हती, आणि सासरी तिनं हे एकेचाळीस वर्षं नुसतं ऐकलं होतं. लग्न होऊन आली त्याच दिवाळीनंतर ती नवऱ्यासोबत ऊसतोडीच्या गाडीत बसली, आणि तेव्हापासून तिचा प्रत्येक हिवाळा कुठल्या ना कुठल्या सहकारी साखर कारखान्याच्या पाचटात गेला. यंदा नवरा हयात नव्हता. तोडीला जोडी लागते, एकट्या बाईला मुकादम घेत नाही. पोरगा आणि सून गेले, निम्मं गाव गेलं, आणि आपलं सासर हिवाळ्यात कसं दिसतं ते बायनाबाईला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

दिसायचं काय होतं म्हणा. पाऊस नाही, पाणी टँकरचं, एकरभर ज्वारी घोट्याएवढी येऊन पिवळी पडलेली. रोज पहाटे उठून ती सवयीनं कोयता शोधायची आणि मग स्वतःलाच हसायची. हसून झालं तरी दिवस अख्खा शिल्लक असायचा.

काल ती शिवकांताच्या किराणा दुकानात गेली होती.

"येळवशीला काय काय करतेत गं?"

"आगं, चाळीस साल नांदलीस अन् मला इचारायलीस?"

"मी कवा व्हते इतं?"

मग शिवकांतानंच ताक दिलं, कडब्याच्या पाच पेंढ्या दिल्या, भज्जीत कोणकोणत्या भाज्या पडतात ते सांगितलं. "एकटीनं जेवू नको मातर, येळवशीला चालत न्हाई. आमच्या रानात ये," असंही म्हणाली. बायनाबाई नको म्हणाली. जमीन आपली आहे, तर पांडव आपल्याच जमिनीत बसावेत, एवढंच तिला वाटलं होतं.

आणि संध्याकाळी पोराचा, अंगदचा, फोन आला. "आई, उद्या मुकादमाचा टेम्पो यायलाय. त्यात बसून ये. काम करू नको, नुस्ती कोपीत बसून ऱ्हा. एकटी तितं काय करतीस?"

पोराचं काही चुकत नव्हतं. इथं बोलायला भिंती होत्या, तिथं निदान नातवंडांचा कालवा तरी होता. बायनाबाईनं बोचकं बांधलं आणि येताना रानातच घेऊन आली.

पांडवांवर घालायची कडब्याची कोपी, म्हणजे खोप, मात्र तिनं फक्कड उभी केली. तोडीच्या तळावर जन्मभर दुसरं काय केलं होतं? पांडवांची तोंडं तिनं शेवटी वाटेकडे केली. पूजा झाली, शेताभोवती आंबील शिंपडून झाली, आणि ती जेवायला कोणी मिळतंय का बघत बांधावर उभी राहिली. एक सायकलवाला गेला.

"जेवाया या की."

"आमच्याच रानात निगालोय, आक्का."

मग कोणीच आलं नाही. लांबच्या रानातून हसण्याचे आवाज येत होते. तिला वाटलं, उगाच हौस केली. या वयात नवं काही मांडायला घ्यावं आणि बघायलासुद्धा कोणी नसावं. ती कोपीच्या आडोशाला बसली आणि पदर तोंडाला लावून थोडं रडली.

हॉर्न वाजला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. टेम्पोतून पन्नाशीचा एक माणूस उतरला.

"अंगदची आई तुमीच ना? मी रामकिसन, मुकादमाचा डायवर. घराला कुलूप दिसलं, एका सायकलवाल्यानं रान दावलं. चला मावशी, उशीर व्हायलाय."

"जेवलास का?"

"वाटंत बगू की."

"येळवशीला रानात आल्यालं मानूस उपाशी जात न्हाई. बस."

रामकिसननं घड्याळ बघितलं, कोपी बघितली आणि बसला. आंबिलीचा एक घोट घेतला आणि ग्लास तोंडाशीच धरून थांबला.

"लई आंबट झाली का?"

"न्हाई. ल्हानपनी पेलो व्हतो. आता इस साल झाले, येळवशीला मी स्टेरिंगवरच असतो."

"मी तर पयल्यांदाच केलीय. पांडवांची तोंडं कुनीकडं असतेत रं?"

त्यानं दगडांकडे नीट बघितलं. "मला बी ठावं न्हाई, मावशी."

दोघंही हसली. बायनाबाईनं त्याच्या ताटात भज्जी वाढली, बाजरीचा उकडलेला उंडा ठेवला, नको नको म्हणताना दुसरा ठेवला. एकेचाळीस वर्षं तिनं लोकांच्या रानात भाकरी खाल्ली होती. आपल्या रानात माणूस बसवून वाढायचं सुख काय असतं ते तिला आज समजत होतं, आणि ते सोडवत नव्हतं. मग तिनंही चार घास खाल्ले.

जेवण झालं. रामकिसननं हात धुतले आणि बोचकं उचललं.

"ठेव ते खाली," बायनाबाई म्हणाली. "मी न्हाई येत."

"आं? मग अंगदला काय सांगू? का म्हून आली न्हाई म्हनंल की."

"सांग, घरी पावनं हायेत. त्यांना टाकून कसं यावं?"

रामकिसननं सगळ्या रानावरून एकदा नजर फिरवली; पाच पांडव आणि तो स्वतः, दुसरं पाहुणं कोणी दिसेना. मग तो पुन्हा खाली बसला आणि त्यानं ग्लास पुढं केला.