ओबरतालची निवड

"हा काळा टाय काढ," आर्या म्हणाली. "आजच्या दिवशी कसला सुतकी रंग!"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. तिच्या नवऱ्याचे, निशिकांतचे वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. टाय न बदलता तो सिंगापूरमधल्या बिशानच्या फ्लॅटमधून बाहेर पडला.

हिवाळी क्रीडास्पर्धांचं यजमानपद कोणत्या शहराला द्यायचं, ते आज ठरायचं होतं. समितीची बैठक यंदा सिंगापूरलाच होती. शहरांचे प्रस्ताव तयार करायचे, समितीच्या गळी उतरवायचे, हा निशिकांतचा पेशा. पण आजवर त्याने हाती घेतलेलं एकही शहर जिंकलं नव्हतं. पाया लेबार भागातल्या त्याच्या ऑफिसात त्याला नवं काम द्यायला कुणी धजत नव्हतं. मुलगी गार्गी तर खास सिंगापुरी ढंगात तोंडावर म्हणायची, "बाबा, सिंगापूरमध्ये बसून स्नो कोण विकतं, लाह?"

अशात ओबरताल नावाच्या, डोंगरांतल्या चिमुकल्या शहराच्या महापौरबाई आल्या. मोठमोठ्या कंपन्या दारात उभ्या असताना त्यांनी निशिकांतला निवडलं. "आम्हाला तुम्हीच हवे आहात," त्या म्हणाल्या.

त्या एका वाक्यावर तो पुन्हा माणसात आला.

समिती ओबरतालच्या पाहणीला आली, त्याच आठवड्यात सांगलीहून धाकट्या भावाचा, प्रकाशचा फोन आला.

"दादा, नानांचं काही खरं नाही. डोळे सारखे दाराकडे लागलेत. ये रे."

"समिती परत गेली की लगेच निघतो, प्रकाश."

शेजारी बसलेल्या महापौरबाईंना न सांगताच कळलं. "तुम्ही घरी जा," त्या म्हणाल्या. "आमचं आम्ही निभावून नेऊ."

एवढ्या मोठ्या मनाच्या बाईला ऐनवेळी सोडून जायचं कसं? तो थांबला. सांगलीला पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. थोरला तो असून अग्नी प्रकाशला द्यावा लागला होता. प्रकाश त्यानंतर त्याच्याशी बोलला नाही.

सभागृहात आज प्रतिस्पर्धी शहराने आधी आपला थाट दाखवला. तयार मैदानं, नवा विमानतळ, सगळं झगझगीत. ओबरतालची पाळी आली तशा महापौरबाई हळूच म्हणाल्या, "फक्त फिल्म दाखवा. भाषण नकोच."

पण निशिकांतला राहवेना. त्याने फिल्म मध्येच थांबवली.

"या शहरासाठी मी माझ्या वडिलांचं शेवटचं दर्शन घेतलं नाही," तो म्हणाला. "का? तर सगळ्यांनी मला मोडीत काढलं होतं, तेव्हा या लोकांनी माझ्यावर विश्वास टाकला. एका हरलेल्या परक्या माणसाला जे असं जवळ करतात, ते तुमच्या खेळाडूंना कसं वागवतील, ते तुम्हीच ठरवा."

पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध सदस्याने चष्मा काढून डोळे टिपले.

दुपारी निकाल लागला. ओबरताल!

ऑफिसातल्या रुचिरने त्याला कडकडून मिठी मारली. निशिकांतला हुंदका आवरेना. नानांची किंमत देऊन का होईना, त्याने महापौरबाईंना जिंकून दिलं होतं. आता प्रकाशला तोंड दाखवता येणार होतं.

महापौरबाई मात्र दिसेनात. शोधत गेला तर त्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये, भिंतीला टेकून रडत होत्या. तो हसला. आनंदाने सगळेच रडत होते.

"तुमचा विश्वास मी वाया जाऊ दिला नाही," तो म्हणाला.

त्यांनी मान वर केली. चेहरा पांढराफटक पडला होता.

"आम्हाला फक्त डोंगरापलीकडे नेणारा बोगदा हवा होता," त्या म्हणाल्या. "सरकार वर्षानुवर्षं दाद देत नव्हतं. यजमानपदाच्या स्पर्धेत उतरलो म्हणून मंजूर झाला. तेवढ्यावर आमचं भागलं होतं. आता या खेळांसाठी अख्खी दरी खणतील. माझं माहेरचं गाव उठवतील."



"मग मला कशाला निवडलंत?"

"तुम्ही नक्की हराल म्हणून."