शिवदासची जीभ

रविवारी संध्याकाळी घाटकोपरच्या चाळीतली मंडळी कागदात गुंडाळलेली बिअरची बाटली घेऊन शिवदासच्या खोलीत यायची. एक घोट घेऊन त्यानं कंपनी ओळखायची, चवीवर दोन शब्द बोलायचे. तो कधी चुकायचा नाही. त्यानं ओळखली, की हे हलकट टाळ्या पिटणार आणि बाटली उचलून टीव्हीवरचा सिनेमा बघायला पळणार. जेवलास का, हे एकानंही कधी विचारलं नाही.

आज त्यानं भलतंच नाव सांगितलं.

"वाट लागली रे तुझ्या जिभेची!" काशीराम खदखदून हसला आणि चक्क खाली बसला. "सिनेमा गेला खड्ड्यात. परत पी, नीट सांग."

पहिल्याच घोटात ओळखलेली बिअर शिवदासनं पुन्हा जिभेवर घोळवली, आणि आणखी एक चुकीचं नाव सांगितलं.