पंख्याचा आवाज

लेकीच्या होणाऱ्या सासरी गाडीच्या खडखडाटाने शोभा व्हायला नको, म्हणून बापाने निघण्याआधीच इंजिनच्या खिळखिळ्या पंख्याची वायर काढून ठेवली. जाताना धावत्या गाडीचं इंजिन वाऱ्यानेच थंड राहिलं. पण परतताना विहीणबाईंचा निरोप खिडकीशी लांबतच गेला, उभ्या गाडीचं इंजिन सुरूच राहिलं आणि बॉनेटमधून वाफा निघाल्या. “जुनी गाडी, चालायचंच,” म्हणत व्याह्यांनी बाह्या सरसावून बॉनेट उघडलं. “राहू द्या, मी बघतो!” बाप धडपडत उतरला, पण टेप गुंडाळलेलं वायरचं टोक व्याह्यांना सापडलं होतं. त्यांनी एकदाच त्याच्याकडे पाहिलं, टेप सोडवून त्याच्या हातात ठेवली आणि वायर जोडली. पंखा गिरणीसारखा धडधडू लागला. “कसला हा आवाज?” विहीणबाईंनी कान झाकले. “कुठे काय?” व्याही ओरडले, “मला तर काहीच ऐकू येत नाही!” बाप मान खाली घालून टेप बोटाला गुंडाळत राहिला.